नळ्या धुण्याचं काम

संशोधन करायला मिळणार म्हणून मी हुरळून गेले होते, आणि पहिले दोन महिने मला फक्त काचेच्या नळ्या धुवायला लावलं. शिरूरच्या आमच्या कॉलेजात पर्यावरणातल्या सूक्ष्मजीवांची एक छोटी प्रयोगशाळा होती. एम.एस्सी.च्या वर्गातून दरवर्षी तीन-चार जणांना तिथे प्रकल्पावर घेत. माझं नाव लागलं तेव्हा मला वाटलं, पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. कोट मिळाला तो आधीच्या मुलीचा, खिशाला शाईचा डाग पडलेला. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला कुलूप होतं. मला दाखवलं ते सिंक.

प्रयोगशाळेच्या मॅडम आवाज चढवत नसत. धुतलेली नळी उजेडाकडे धरून बघत आणि काही न बोलता परत सिंकमध्ये ठेवत. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं मला वाटायचं. एक दिवस मी चिडून म्हणाले, "मॅडम, एवढ्या स्वच्छ तर आमच्या घरी देवाची भांडी नसतात." तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "नळीत साबणाचा अंश राहिला तर तो जंतूंना मारतो. मग घाण पाणीसुद्धा आपल्याला स्वच्छ दिसतं. स्वच्छ पाण्याला घाण म्हटलं तर लोक फार तर चार दिवस उकळून पितील. घाण पाण्याला स्वच्छ म्हटलं तर काय होईल, तू सांग." मी गुपचूप नळ्या घेतल्या आणि परत धुवायला लागले. पुढे माझ्या हातच्या नळ्या मॅडम तपासायच्याही बंद झाल्या. आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती अजून मला विसरता येत नाही.

आमची वस्ती दौंड तालुक्यात, यवत आणि पाटसच्या मधे, महामार्गापासून बरीच आत, भीमेच्या अंगाला. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. आता ऊस आहे आणि दोन म्हशी. वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा आणि वहिनी. शिरूरहून मी पारगावच्या पुलावरून येणाऱ्या एसटीने चौफुल्याला उतरायची आणि दादा मोटारसायकल घेऊन उभा असायचा. आदल्या दिवशी फोन करून "येतेय" म्हणून सांगायचं, हा आमचा रिवाज. न सांगता आलेली मुलगी म्हणजे काहीतरी बिनसलेलं, अशी आईची समजूत होती.

घरी पोचले की वहिनी आधी माझे हात बघायची. साबणाने बोटांची सालं निघालेली. "वन्सं, घोडनदीला जाऊन तुम्ही बी भांडीच घासता व्हय?" ती म्हणायची. शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं घोडनदीच म्हणतात, आणि वहिनीचं माहेर तिकडचंच. "मंग हितंच ऱ्हावा की. मला तेवढीच मदत." मी रागावल्यासारखं करायची. मग ती स्वतःच मोरीतली भांडी माझ्यापुढून ओढून घ्यायची आणि मला हात लावू द्यायची नाही. मला बहीण नाही. वहिनी आल्यावर मला कळलं की बहीण असली की घरी जायची ओढ कशी वेगळी लागते.

यथावकाश मला विषय मिळाला. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे घरोघरी संडास झाले, ही चांगलीच गोष्ट. पण खड्डे खणले ते जागा मिळेल तिथे, विहिरीला लागून. त्या खड्ड्यांतलं काय पाझरून कुठे जातं, ते कुणी बघितलं नव्हतं. भीमा आणि घोड या दोन नद्यांकडेच्या वस्त्यांवरच्या विहिरींचं पाणी तपासायचं असं ठरलं. मी मॅडमना म्हटलं, आमचीही विहीर घेऊ. घरची विहीर होती, सगळी वस्ती तिच्यावरच पाणी भरायची आणि मला तिथे मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

मोटारसायकलवर मागे बसून मी दादाला सगळं समजावून सांगितलं. नळीत जांभळ्या रंगाचं खाद्य असतं. त्यात एक आगपेटीच्या काडीएवढी बारीक नळी उलटी ठेवलेली असते. आपण विहिरीचं पाणी त्यात घालतो आणि उबेला ठेवतो. माणसाच्या मैल्यातले जंतू पाण्यात असले तर ते खाद्य खातात, जांभळा रंग पिवळा होतो आणि उलट्या नळीत हवेचा बुडबुडा अडकतो.

"म्हंजी पिवळं झालं की पाणी नापास," दादा म्हणाला.

"तसंच समज."

"आन् आपलं पाणी नापास झालं तर तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? माझा प्रकल्प आहे तो."

तो पुढे काहीच बोलला नाही. मला वाटलं, वाऱ्याने ऐकू येत नसेल.

नापास या शब्दाचं आणि दादाचं काय होतं, ते इथे सांगायला हवं. दहावीला तो दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा वडिलांनी त्याला काही म्हटलं नाही, नुसती म्हैस सोडून त्याच्या हातात दावं दिलं. पुढे काही वर्षं कारेगावला खोली करून तो कंपनीत ठेकेदाराकडे राबला आणि लग्न ठरल्यावर परत आला. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हा तो प्रत्येक पेपरला शाळेच्या भिंतीबाहेर उन्हात उभा असायचा. आमच्याकडे परीक्षा म्हणजे घरातल्या एकाने आत लिहायचं आणि बाकीच्यांनी भिंतीवर चढून चिठ्ठ्या पुरवायच्या. मला चिठ्ठी लागत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. तरी तो उभा राहायचा. "लागलं कायतर खिडकीत ये," एवढंच सांगायचा. मी कधी गेले नाही.

पहिल्या खेपेला आमच्या विहिरीच्या सगळ्या नळ्या जांभळ्या राहिल्या. एकीतही बुडबुडा नाही. इतर वस्त्यांच्या नळ्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हळदीच्या पाण्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. मॅडमनी भुवया वर केल्या. "उघडी विहीर आणि इतकी स्वच्छ? जंतू मारायची पावडर टाकतात का, टीसीएल? विचारून घे." मी तिथूनच फोन लावला.

"दादा, आपल्या विहिरीत पावडर टाकता का कुणी?"

"न्हाई बा. काय टाकायचंय? झऱ्याचं पाणी हाय आपलं." आणि लगेच, "पास झालं का?"

"झालं."

तो इतका मोठ्याने हसला की मॅडमनाही ऐकू गेलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही तसंच झालं. मी घरी पोचायची ती दुपारी, वहिनी रहाटावर उभी राहून मला बादली ओढून द्यायची आणि मी बाटली भरून बर्फाच्या डब्यात ठेवायची. आमची विहीर प्रकल्पातली आदर्श विहीर ठरली. बाकीच्या विहिरींची घाण तिच्याशी ताडून मोजायची. त्या कामावर आम्हाला विद्यापीठाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत सहा महिने काम करायची संधी मला मिळाली. आमच्या तालुक्यातून तिथे आधी कुणी गेलं नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या. मी खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आनंदानेच.

दादाने काय करावं? खताच्या जाहिराती रंगवणाऱ्या पेंटरला गाठलं आणि विहिरीच्या कठड्यावर निळ्या रंगात लिहून घेतलं, 'या विहिरीचे पाणी तपासलेले आहे'. त्याखाली त्याला माझं नावही घालायचं होतं, मी हातापाया पडून थांबवलं. वस्तीवर तोवर बरीच घरं पिण्याला विकतचे जार आणत होती. ते हळूहळू बंद झाले. तपासलेलं पाणी दारात असताना जार कोण आणणार? वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. दादा तिला म्हणायचा, "फ्रीजचं पिऊ नको, हिरीचं पी. पास झालेलं हाय."

पावसाळा सरता सरता वस्तीवर कावीळ आली. आधी पलीकडच्या घरातले एक आप्पा, मग दोन शाळकरी पोरं. ती उठून हिंडायला लागली, म्हणून कुणाला फार काळजी वाटली नाही. मग वहिनीचे डोळे पिवळे दिसायला लागले. आठवा महिना होता. आईने पाटसकडच्या एका माणसाकडून काविळीची माळ आणून तिच्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरते तशी ही माळ वाढत वाढत डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून खाली येते, असं म्हणतात. माळ वाढली, खांद्यावर आली. आई मला फोनवर आनंदाने सांगत होती आणि मी किंचाळत होते की तिला दवाखान्यात न्या. माझ्या आवाजाने खोलीवरच्या मुली उठून बसल्या. दादाने तिला दौंडला नेलं, दौंडच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पुण्याला पाठवलं. गरोदर बाईला ही पाण्यातून येणारी कावीळ झाली तर ती फार वाईट, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं.

मीही पुण्याला पोचले. तिथल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं, पाणी कुठलं पिता. तो म्हणाला, "आमचं पाणी तपासलेलं हाय, साहेब. माझ्या बहिणीनंच तपासलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आईला सोबत म्हणून मी एक दिवस वस्तीवर गेले. दादा दवाखान्यात, म्हणून फोन करायचा प्रश्नच नव्हता. यवतहून मिळेल त्या गाडीने गेले. पिशवीत बाटली होती. रहाट स्वतः ओढला, पाणी भरलं आणि शिरूरला मैत्रिणीकडून पोचतं केलं. वहिनी गेली त्याच सकाळी मॅडमचा फोन आला. बाळ तिच्या आधी, पोटातच गेलं होतं. मॅडमना काही माहीत नव्हतं. त्या म्हणत होत्या, "अगं, हे कुठलं पाणी पाठवलंस? सगळ्याच्या सगळ्या नळ्या पिवळ्या झाल्यात."

दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे मामा माझ्याजवळ येऊन बसले. भला माणूस. मला धीर द्यायला म्हणूनच बोलत होते.

"तुझा दादा म्हंजी लई मायाळू बघ. तू येणार म्हणलं की आदल्या दिशी माझ्याकडं यायचा. म्हणायचा, मामा, वाईच टीसीएल द्या. हिरीत टाकतो. बहिणीचं पाणी नापास व्हायला नगं. मी म्हणलं, आरं रोज टाकत जा की. तर म्हणतो, रोज वास मारतंय, बाया पाणी भरत न्हाईत. ती यायच्या टायमापुरतं बास."

पुढे नदीत कुणी अंघोळ करत होतं, कुणी कावळ्याला हाका मारत होतं. रात्रभर पावडर, सकाळभर ऊन, आणि दुपारी वास उडून गेल्यावर मी. शाळेच्या भिंतीबाहेर उभा राहिलेला माझा भाऊ शेवटी भिंतीवर चढला होता, आणि मी खिडकीत न जाताच त्याने चिठ्ठी आत टाकली होती. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. मामांना म्हटलं, "हे आता कुणाला सांगू नका." त्यांना कळलं नाही का ते, पण त्यांनी मान हलवली.

मॅडमना मी जाऊन खरं ते सांगितलं. मग त्यांनी प्रकल्पाच्या अहवालात एक वाक्य घातलं, की एका ठिकाणचे निष्कर्ष तांत्रिक कारणास्तव वगळले आहेत. बक्षीस आमच्याकडेच राहिलं, पुण्याची संधीही टिकली. माझी वहिनी मात्र त्या एका वाक्यात मावली. मी तेव्हा मॅडमशी भांडले, फार वाईट बोलले. त्या म्हणाल्या, "मग काय लिहू? भावाचं नाव लिहू?"

खरी अडचण वस्तीवर होती. माणसं तेच पाणी पीत होती. मी दारोदार सांगत फिरले, की पिऊ नका, उकळा, निदान लेकरांना देऊ नका. लोक कठड्याकडे बोट दाखवायचे. आणि सगळ्यांत हट्टाला पेटला होता दादा. वहिनी पाण्याने गेली हे तो मानायलाच तयार नव्हता. कुणी विषय काढला की त्याचं डोकं फिरायचं. संध्याकाळी विहिरीच्या कडेला बसायचा, बादलीने पाणी काढायचा आणि सगळ्यांना दिसेल असा ओंजळीने प्यायचा. आई माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावायची.

एकदा मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"दादा, हे पाणी सोड."

"का? तीनदा पास झालंय. तूच केलंस न्हवं?" तो माझ्याकडे वळला. डोळे लाल. "खरं सांग. आपलं पाणी पास व्हतं ना?"

पाणी तेव्हाही घाण होतं, असं सांगितल्याशिवाय तो ते सोडणार नव्हता. आणि घाण होतं तर पास कसं झालं, हा प्रश्न लगेच पुढे येणार होता. त्याचं खरं उत्तर दिलं असतं तर त्याने त्याच विहिरीचा रस्ता धरला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याचा हात अजून बादलीच्या कडीवर होता. हातावर घट्टे, आणि नखांच्या कडेची कातडी पांढरी पडलेली. त्या हाताकडे बघत मी म्हणाले,

"नाही. पास नव्हतं. आमची चूक झाली."

"कुणाची?"

"माझी. नळ्या मी धुवायची ना. नीट धुतल्या नव्हत्या. साबण राहिला होता आत. साबणाने जंतू मेले आणि पाणी चांगलं दिसलं."

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, घरातून खुरपं घेऊन आला आणि कठड्यावरची निळी अक्षरं खरवडायला लागला. रंग पक्का होता. खुरप्याचा तो आवाज अंधार पडेपर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी त्याने रहाटाचा दोर कापून टाकला, आणि वस्तीवर पुन्हा जार यायला लागले. ते गावभर झालं, की शिरूरला शिकायला गेलेल्या पोरीला साध्या नळ्या धुता येईनात आणि तिने भावजयीचा जीव घेतला. आईनेही ते ऐकलं. ती मला काही बोलली नाही, पण ताट वाढून पुढे सरकवताना पूर्वीसारखं "जेव बाय" म्हणायची बंद झाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्याचे सहा महिने मी पूर्ण केले आणि फिरून शिरूरलाच नोकरीला लागले. दरवर्षी नवी मुलं येतात, हुरळलेली, कोटाची बटणं लावत. मी त्यांना सिंक दाखवते. ती नाक मुरडतात, मी मुरडू देते. नमुना घ्यायला जाणार असाल तर आधी फोन करायचा नाही, तिथे तुमची आई राहत असली तरी नाही, एवढं एक मी फार कठोरपणे सांगते. मुलं मला खडूस म्हणतात, मला माहीत आहे.

दादाने दुसरं लग्न केलं नाही. मी घरी गेले की तो रानात जातो. पावडरीचा विषय त्याने आजवर कधी काढला नाही. मीही काढला नाही. त्याच्या मनात कधी येऊन गेलं असेल का, याचा विचार मी करत नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवते.

गेल्या भाऊबीजेला आईने हट्टच धरला. आता तिचं वय झालंय, तिला नाही म्हणवत नाही. दादा पाटावर बसला, टोपी घालून, खाली मान घालून. मी ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी टाकली आणि उठला. उंबऱ्यापाशी थांबला, पाठमोराच.

"आता तरी नळ्या नीट धुतीस का?"

"धुते, दादा," मी म्हणाले.